सायटोमेगॅलोव्हायरस दृष्टिपटलदाह

सायटोमेगॅलोव्हायरस दृष्टिपटलदाह हा डोळ्याच्या आतील पडद्याला, म्हणजेच दृष्टिपटलाला होणारा विषाणुजन्य आजार आहे. वैद्यकीय व्यवहारात तो ‘सीएमव्ही रेटिनायटिस’ या नावाने ओळखला जातो. निरोगी माणसाला हा आजार सहसा होत नाही. ज्यांची रोगप्रतिकारशक्ती अतिशय क्षीण झाली आहे, विशेषतः ज्यांचा एचआयव्ही संसर्ग एड्सच्या अवस्थेपर्यंत पोहोचला आहे, अशा व्यक्तींमध्ये तो आढळतो. वेळीच उपचार न झाल्यास काही आठवडे ते काही महिन्यांत डोळा कायमचा निकामी होऊ शकतो.

या आजारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि त्यातून पाणी किंवा चिपडे येत नाहीत. त्यामुळे रुग्णाला आपला डोळा आजारी आहे हे बहुधा उशिरा कळते. गेलेली दृष्टी परत येत नाही, मात्र उरलेली दृष्टी वाचवता येते. म्हणून रुग्णाच्या तक्रारीची वाट न पाहता केलेली डोळ्यांची तपासणी या आजारात सर्वांत महत्त्वाची ठरते.

विषाणू

सायटोमेगॅलोव्हायरस हा हर्पिस कुलातील विषाणू असून कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू याच कुलातील आहे. ग्रीक भाषेतील ‘पेशी’ आणि ‘मोठे’ या अर्थाच्या शब्दांवरून त्याचे नाव पडले आहे, कारण या विषाणूने ग्रासलेल्या पेशी फुगून मोठ्या होतात. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशीचे केंद्रक घुबडाच्या डोळ्यासारखे दिसते.

लाळ, लघवी, आईचे दूध, रक्त, लैंगिक संबंध आणि अवयवरोपण यांतून हा विषाणू पसरतो. गरोदरपणी तो आईकडून गर्भालाही पोहोचू शकतो. भारतातील बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात त्याचा शिरकाव लहानपणीच झालेला असतो. त्या वेळी बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, किंवा किरकोळ ताप येऊन जातो. त्यानंतर विषाणू शरीरातून नाहीसा न होता सुप्तावस्थेत राहतो आणि सशक्त प्रतिकारशक्ती त्याला आयुष्यभर दाबून ठेवते. दृष्टिपटलदाह हा बहुतेक वेळा बाहेरून नव्याने आलेला संसर्ग नसून आत दडलेला विषाणू पुन्हा जागा झाल्याचा परिणाम असतो. त्यामुळे रुग्णाच्या शेजारी बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याचा टॉवेल वापरल्याने घरातल्या निरोगी माणसाला हा डोळ्यांचा आजार होत नाही.

कोणाला धोका असतो

रक्तातील सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी शरीराच्या संरक्षणाचे संयोजन करतात. निरोगी प्रौढात त्यांची संख्या दर घनमिलिमीटर रक्तात साधारणपणे ५०० ते १५०० असते. एचआयव्ही याच पेशींचा नाश करतो. त्यांची संख्या २०० च्या खाली गेली की आजार प्रगत अवस्थेत गेला असे मानतात. सायटोमेगॅलोव्हायरसमुळे होणारा दृष्टिपटलदाह प्रामुख्याने ही संख्या ५० च्या खाली गेल्यावर उद्भवतो.

अवयवरोपण किंवा अस्थिमज्जारोपण झालेले रुग्ण, रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणारे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घेणारे रुग्ण यांनाही हा आजार होऊ शकतो, मात्र एड्सच्या तुलनेत त्यांच्यात तो कमी आढळतो. गर्भावस्थेत संसर्ग झालेल्या काही बालकांच्या दृष्टिपटलावरही त्याचे व्रण सापडतात.

डोळ्यात घडणारे बदल

दृष्टिपटल हा डोळ्याच्या मागच्या बाजूचा पातळ, प्रकाशसंवेदी पडदा आहे. समोरच्या वस्तूची प्रतिमा त्यावर उमटते आणि दृष्टीची नस ती मेंदूकडे पोहोचवते. विषाणू रक्तातून दृष्टिपटलाच्या पेशींत शिरतो आणि एका पेशीतून शेजारच्या पेशीत पसरत जातो. वाळलेल्या गवताला एका टोकाला आग लागून तिची कड हळूहळू पुढे सरकावी, तसा हा प्रसार होतो. कडेला पांढरट-पिवळसर जिवंत संसर्ग, त्यात रक्तस्रावाचे लाल डाग आणि मागे उरलेला जळालेला, निकामी भाग असे चित्र डॉक्टरांना दिसते.

पेशी मेल्यानंतर त्या जागी पातळ व्रण राहतो. त्याला भोके पडली की दृष्टिपटल मागच्या आधारापासून सुटते. यालाच बोलीभाषेत ‘पडदा सरकणे’ म्हणतात. संसर्ग दृष्टिपटलाच्या कडेला असेपर्यंत रुग्णाला काहीच जाणवत नाही. तो मध्यभागी, म्हणजे बारीक अक्षरे आणि चेहरे ओळखणाऱ्या पीतबिंदूपाशी किंवा दृष्टीच्या नसेपाशी पोहोचला की दृष्टी झपाट्याने जाते.

वेदना न होण्याचे कारण असे की दृष्टिपटलाला प्रकाश कळतो, पण वेदना कळत नाहीत. डोळा लाल न होण्यामागेही कारण आहे. लाली, सूज आणि पाणी ही विषाणूशी लढणाऱ्या प्रतिकारशक्तीची चिन्हे असतात. या रुग्णांत लढणाऱ्या पेशीच पुरेशा उरलेल्या नसल्यामुळे डोळा बाहेरून शांत दिसतो आणि आत नाश चालू राहतो.

लक्षणे

पुढील लक्षणे आढळू शकतात :

• नजरेसमोर काळे ठिपके, माश्या किंवा जाळी तरंगल्यासारखी वाटणे
• अंधारातही वीज चमकल्यासारखा किंवा काजव्यांसारखा प्रकाश दिसणे
• नजरेच्या एखाद्या भागात काळी सावली किंवा कोरा डाग जाणवणे
• वाचताना ओळीतील काही अक्षरे गळल्यासारखी वाटणे, दृष्टी धूसर होणे
• एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे, जे दृष्टिपटल सुटल्याचे चिन्ह असू शकते

अनेक रुग्णांत यांपैकी एकही लक्षण नसते. सुरुवातीला आजार बहुधा एकाच डोळ्यात असतो. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो, त्यामुळे दोष लक्षात येत नाही. एकेक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील अंक पाहिल्यास फरक कळू शकतो. मात्र ही घरगुती परीक्षा डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. उपचार न केल्यास दुसऱ्या डोळ्यालाही संसर्ग होण्याचा धोका असतो.

सर्वपरिचित ‘डोळे येणे’ या आजाराशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. त्या आजारात डोळे लाल होतात, चिकटतात, खुपतात आणि रुग्ण लगेच दवाखाना गाठतो, पण दृष्टी बहुधा सुरक्षित राहते. सायटोमेगॅलोव्हायरसच्या बाबतीत नेमके उलट घडते. त्रास जवळजवळ नसतो आणि दृष्टी मात्र धोक्यात असते.

निदान

निदानासाठी थेंब घालून डोळ्याची बाहुली मोठी केली जाते आणि नेत्रतज्ज्ञ डोक्यावर बसवलेल्या प्रकाशयंत्राच्या व भिंगाच्या साहाय्याने संपूर्ण दृष्टिपटल कडेपर्यंत पाहतात. आजाराची सुरुवात अनेकदा कडेला होत असल्याने बाहुली मोठी न करता केलेली तपासणी अपुरी ठरते. चष्म्याचा नंबर तपासण्याने किंवा फळ्यावरची अक्षरे वाचवून घेण्याने हा आजार सापडत नाही.

रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आढळणे निदानास पुरेसे नसते, कारण ती बहुसंख्य निरोगी प्रौढांतही असतात. शंका असल्यास डोळ्यातील द्रवाचा थेंब काढून त्यात विषाणूची जनुकीय तपासणी करतात. क्षयरोग, उपदंश आणि टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे होणारा दाह यांपासून हा आजार वेगळा ओळखावा लागतो, कारण त्यांचे उपचार वेगळे आहेत.

उपचार

उपचाराची दोन अंगे आहेत : विषाणूला रोखणारी औषधे देणे आणि खालावलेली प्रतिकारशक्ती पुन्हा उभी करणे.

गॅन्सायक्लोव्हिर या औषधाला १९८९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानंतर फॉस्कार्नेट, सिडोफोव्हिर आणि २००१ मध्ये तोंडाने घ्यायचे व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर उपलब्ध झाले. गॅन्सायक्लोव्हिर शिरेतून किंवा बारीक सुईने थेट डोळ्यात देता येते. डोळ्यातील इंजेक्शन तुलनेने स्वस्त असते आणि त्या डोळ्यात औषध तत्काळ पोहोचते. पण ते दुसऱ्या डोळ्याचे किंवा शरीराच्या इतर भागांचे रक्षण करत नाही. गोळ्या दोन्ही डोळ्यांसह संपूर्ण शरीरात काम करतात, मात्र त्यांच्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात आणि वेळोवेळी रक्ततपासणी करावी लागते. नागिणीवर दिले जाणारे असायक्लोव्हिर या आजारावर पुरेसे प्रभावी नाही.

ही औषधे विषाणूची वाढ थांबवतात, पण त्याला शरीरातून घालवत नाहीत. सुरुवातीचे दोन ते तीन आठवडे अधिक मात्रा आणि नंतर कमी मात्रा असा क्रम ठेवतात. प्रतिकारशक्ती क्षीणच राहिली तर औषध बंद होताच आजार उलटतो. म्हणून एचआयव्हीबाधित रुग्णात एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधांचा संयुक्त उपचार, अत्यावश्यक असतो. डोळ्यांचा उपचार सुरू झाल्यावर साधारणतः दोन आठवड्यांच्या आत एआरटी सुरू केली जाते. सीडी-४ पेशी १०० च्या वर जाऊन काही महिने टिकल्या आणि व्रण शांत राहिला, तर नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने विषाणूविरोधी औषध थांबवता येते.

प्रतिकारशक्ती परतू लागल्यावर काही रुग्णांच्या डोळ्यात नव्याने दाह होतो आणि दृष्टी धूसर होते. पूर्वी गैरहजर असलेल्या संरक्षक पेशी आता विषाणूच्या अवशेषांवर तुटून पडत असल्यामुळे असे घडते. औषधाने नजर बिघडली असे समजून काही जण एआरटी सोडून देतात आणि त्यामुळे डोळ्याबरोबर जीवही धोक्यात येतो. अशा वेळी एआरटी चालू ठेवून नेत्रतज्ज्ञांकडून दाहावर उपचार घेणे आवश्यक असते.

दृष्टिपटल सुटल्यास शस्त्रक्रिया करून डोळ्यात सिलिकॉन तेल भरतात व पडदा जागेवर बसवतात. त्यामुळे काही दृष्टी टिकू शकते, परंतु मृत झालेला भाग पुन्हा जिवंत होत नाही.

इतर विषाणुजन्य नेत्रसंसर्ग

प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना आणखी काही विषाणू डोळ्यांना इजा करतात.

नागीण : कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत सुप्त राहून पुढे नागिणीच्या रूपाने उठतो. कपाळ, पापणी आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास डोळ्याला धोका असल्याचे मानतात. या नागिणीत तीव्र आग होते. फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू केल्यास सर्वाधिक लाभ होतो. ग्रामीण भागात नागिणीला उतारा केला जातो, गेरू किंवा इतर लेप लावले जातात, आणि नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो अशी समजूत आहे. ही समजूत निराधार आहे. मात्र लेप लावण्यात हे तीन दिवस निघून गेले तर डोळ्याचे नुकसान होऊ शकते. तरुण व्यक्तीला नागीण झाल्यास एचआयव्ही तपासणीचा सल्ला दिला जातो.

हर्पिस सिम्प्लेक्स : ओठांवर जर उठवणारा हा विषाणू डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर झाडाच्या फांद्यांसारखा व्रण करतो. डोळा लाल आहे म्हणून औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडयुक्त थेंब आणून घातल्यास व्रण खोल जाऊन फूल पडू शकते.

दृष्टिपटलाचा झपाट्याने होणारा नाश : नागिणीचा विषाणू दृष्टिपटलात शिरल्यास अवघ्या काही दिवसांत अंधत्व येऊ शकते. ही नेत्रवैद्यकातील तातडीची अवस्था मानली जाते.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात अनेकांचे डोळे गेले, तो म्युकरमायकोसिस हा आजार बुरशीजन्य होता, विषाणुजन्य नव्हे. मात्र अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांमुळे खालावलेली प्रतिकारशक्ती हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते.

इतिहास

५ जून १९८१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या आजाराची नोंद प्रसिद्ध झाली. तीच एड्सची पहिली वैद्यकीय नोंद मानली जाते. त्या पाचही जणांत सायटोमेगॅलोव्हायरसचा संसर्ग आढळला होता. एआरटी उपलब्ध होण्यापूर्वी पाश्चात्त्य देशांत एड्सच्या सुमारे ३० टक्के रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी हा दृष्टिपटलदाह होत असे. १९९६ नंतर संयुक्त औषधोपचार रूढ झाल्यावर तेथे त्याचे प्रमाण झपाट्याने घटले.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग १९८६ मध्ये प्रथम उघडकीस आला. एड्समधील नेत्रविकारांच्या भारतातील पहिल्या दोन रुग्णांचा अहवाल चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉ. ज्योतिर्मय बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. १ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी देण्यास सुरुवात झाली. २०१७ पासून सीडी-४ ची संख्या कितीही असली तरी एचआयव्हीबाधित प्रत्येकाला उपचार देण्याचे धोरण स्वीकारले गेले.

औषधाची किंमत हा दीर्घकाळ अडथळा होता. व्हॅलगॅन्सायक्लोव्हिरसाठी रोश कंपनीला भारतात २००७ मध्ये पेटंट मिळाले. एचआयव्हीबाधितांच्या संघटना आणि भारतीय औषध कंपन्या यांनी त्याला आव्हान दिले आणि २०१० मध्ये ते रद्द झाले. त्याच दशकात, २००७ साली, आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांनी हा दृष्टिपटलदाह गरीब देशांतील एड्सच्या साथीतला दुर्लक्षित आजार असल्याचे मांडले. एड्सच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच बाहुली मोठी करून दृष्टिपटल पाहण्याचे प्रशिक्षण द्यावे, असा आग्रह त्यांनी धरला होता.

वर्धा जिल्ह्याचा संदर्भ

वर्धा हा विदर्भातील आठ तालुक्यांचा जिल्हा असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १३,००,७७४ होती. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश लोक ग्रामीण भागात राहतात. जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी १९४० च्या दशकात सुरू केलेल्या कस्तुरबा रुग्णालयाला जोडून १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. सावंगी (मेघे) येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९० मध्ये सुरू झाले व आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय त्याला संलग्न आहे.

ही दोन्ही रुग्णालये वर्धा शहराच्या जवळ आहेत. वायव्येकडील आष्टी व कारंजा आणि आग्नेयेकडील समुद्रपूर तालुक्यांतील रुग्णाला नेत्रतज्ज्ञापर्यंत येण्यासाठी बहुधा दिवसभराची मजुरी सोडावी लागते. बाहुली मोठी केल्यावर काही तास धूसर दिसते, त्यामुळे सोबत दुसरे माणूसही आणावे लागते. डोळा दुखत नसताना हा खर्च अनावश्यक वाटणे स्वाभाविक आहे, आणि आजार उशिरा सापडण्याचे ते एक कारण ठरते.

न दुखणाऱ्या आजाराने फसवणूक होण्याचा अनुभव वर्धा जिल्ह्याला कुष्ठरोगामुळे पूर्वीपासून आहे. कुष्ठरोगाचा चट्टाही दुखत नाही, म्हणूनच रुग्ण तो अंगावर काढतो आणि हातापायांत विकृती आल्यावर दवाखान्यात येतो. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवेचे कार्य सुरू केले. १९५१ मध्ये वर्धा येथे गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना झाली. या संस्थेने डॉ. र. वि. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीवर काम केले. रुग्ण येण्याची वाट न पाहता गावोगावी जाऊन चट्टे शोधणे हे तिचे सूत्र होते आणि पुढे राष्ट्रीय कार्यक्रमातही ही पद्धत स्वीकारली गेली. सायटोमेगॅलोव्हायरस दृष्टिपटलदाहाच्या बाबतीत संपूर्ण गावाची तपासणी आवश्यक नसते. सीडी-४ पेशी अत्यंत कमी असलेल्या मोजक्या रुग्णांपर्यंत नेत्रतपासणी पोहोचवणे एवढेच अपेक्षित असते.

प्रतिबंध

या विषाणूवर सर्वसामान्य वापरासाठी लस उपलब्ध नाही. एचआयव्हीचे लवकर निदान आणि खंड न पडता घेतलेली एआरटी हाच प्रतिबंधाचा मुख्य मार्ग आहे. सीडी-४ पेशी ५० च्या खाली असलेल्या रुग्णाची, तक्रार असो वा नसो, दर तीन महिन्यांनी बाहुली मोठी करून नेत्रतपासणी करण्याची शिफारस केली जाते. अवयवरोपणाच्या रुग्णांना काही काळ प्रतिबंधक औषध देतात किंवा रक्तातील विषाणूचे प्रमाण नियमितपणे मोजतात. ठिपके, चमक किंवा सावली दिसल्यास ‘मोतीबिंदू असेल, पिकल्यावर बघू’ असे म्हणून थांबणे या रुग्णांना परवडणारे नसते.

सामाजिक बाजू

एचआयव्हीविषयीच्या भीतीमुळे अनेक रुग्ण डोळ्यांच्या डॉक्टरांना आपला मूळ आजार सांगत नाहीत. त्यामुळे दृष्टिपटलाची तपासणी राहून जाऊ शकते किंवा निदान चुकू शकते. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला आहे. एचआयव्हीबाधित व्यक्तीला उपचार नाकारणे किंवा तिच्याशी भेदभाव करणे या कायद्याने निषिद्ध आहे, आणि तिच्या आजाराविषयी गुप्तता राखणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर तपासणी आणि उपचारांविषयी माहिती मिळते.